फॉर्मवर 'नाही', हाताला गाठ: घाटमाथ्यावरचं एक प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडच्या एका गावात ४६ वर्षांच्या एका बाईंना स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं. टप्पा दुसरा. म्हणजे अगदी हाताबाहेर गेलं असं नाही, पण वेळेत सापडलं असंही म्हणवत नाही. कारण निदानाच्या आधी जवळपास वर्षभर गाठ त्यांच्या स्वतःच्या हाताला लागत होती. आणि त्याच वर्षात आरोग्य खात्याच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे 'स्तनात गाठ: नाही' अशी खूण होती.

ते 'नाही' कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, आणि नंतर ते 'हो' कसं झालं, एवढ्यापुरतंच हे टिपण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

घर आणि गाव

घाटमाथ्यावरच्या गावांची एक तऱ्हा आहे. पाऊस बेताचा, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगलेली. केरळ, तमिळनाडू, आंध्र, पार दिल्ली-कोलकात्यापर्यंत. गावात बंगले दिसतात, पण त्यातले निम्मे कुलूपबंद. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला गाड्यांची रांग लागते, आठ-दहा दिवसांत पुन्हा शुकशुकाट.

या बाईंचे यजमानही केरळात गलाईचं दुकान चालवतात. लग्नानंतरची काही वर्षं त्याही तिकडेच होत्या. पुढे मुलांची शाळा आणि सासऱ्यांचं आजारपण यासाठी त्या गावी परतल्या. घरात सासूबाई, धाकटा दीर, जाऊ, विट्याला कॉलेजात जाणारी मुलगी आणि बारावीतला मुलगा. दीर द्राक्षबाग बघतो. बाग म्हटली की बाया लागतात, आणि घरच्या बाया त्यात आधी धरल्या जातात.

म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी आहे. हे सांगायचं कारण, उशिरा निदान म्हटलं की आपण लगेच गरिबी आणि अडाणीपणा यांच्यावर बोट ठेवतो. इथे दोन्ही नव्हतं. बाई दहावी पास आहेत, हातात स्मार्टफोन आहे, आणि स्तनाच्या कर्करोगावरचा एक व्हिडिओ त्यांनी आजार सापडण्याच्या आधीच पाहिलेला होता.

ओट्यावर भरलेला फॉर्म

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताईंनी घरोघर जाऊन भरायचा असतो. त्याला बोलताना सगळे 'सी-बॅक' म्हणतात. पहिल्या भागात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आणि आईवडील-भावंडांत कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का, याचे गुण. बेरीज चारच्या वर गेली की जोखीम जास्त. दुसऱ्या भागात लक्षणं. त्यातच स्तनात गाठ, बोंडातून रक्तासारखा स्राव, स्तनाच्या आकारात बदल, हे प्रश्न येतात. फॉर्म वाईट नाही. नीट भरला तर पुष्कळ काही पकडणारा आहे.

तो भरला गेला ओट्यावर. आशाताई बसल्या होत्या, सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या, दीर अंगणात मोटारसायकल पुसत होता. सून आत चुलीपाशी. नाव, वय, तंबाखू खाते का, असं एकेक विचारत गाडी पुढे आली, तेव्हा आशाताईंनी आवाज खाली घेऊन विचारलं, "आत्ती, छातीत गाठबिठ काय हाय का हिच्या? बोलवता का हिला जरा?"

"ती कशाला? मी सांगते न्हवं. आमच्यात कुणाला तसलं काय न्हाय."

खूण झाली. पुढचं घर.

यात आशाताईंना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या पिशवीत लसीकरणाची यादी असते, गरोदर बायांची असते, क्षयरोगाची असते, आणि त्यात हा फॉर्म. शिवाय आशाताई गावचीच सून असते, म्हणून तर तिची निवड झालेली असते. त्यामुळे ती बहुतेक घरांच्या भावकीत नाहीतर शेजारात बसते. तिच्यावर विश्वास असतो, आणि तिच्यापासूनच लपवावंही लागतं. बाई नंतर म्हणाल्या की त्या दिवशी चुलीपाशी त्यांना प्रश्न ऐकू आला होता. गाठ तेव्हा नुकतीच लागली होती. बाहेर यावंसं वाटलं, पण दिरासमोर काय बोलणार?

देशपातळीवरचा एक आकडा इथे ठेवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी एकदा स्तनाची तपासणी झालेल्या अवघ्या ०.९ टक्के निघाल्या. हजारात नऊ. आणि ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी या आजाराचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, मृत्यू सुमारे ९८ हजार. भारतीय बायकांमध्ये आता पहिल्या नंबरचा कर्करोग हाच आहे. आकड्यांत गाव दिसत नाही, पण त्या हजारातल्या उरलेल्या ९९१ जणी कुठे असतात, तर अशाच कुठल्या तरी चुलीपाशी.

गप्प राहण्याचं वर्ष

गाठ आंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, काखेकडे. दुखत नव्हती. आणि इथेच घोटाळा झाला. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, हा हिशेब आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. उलट पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना होणारं, पाळी आली की उतरणारं दुखणं बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं.

आधी जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी एरंडाचं पान गरम करून शेकायला दिलं. महिना-दीड महिना गेला. मग तालुक्याच्या गावी कसल्याशा तापासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर धीर करून विषय काढला. तिथे ब्लाउजवरूनच हात लावून 'चरबीची गाठ आहे' असं सांगून गोळ्या मिळाल्या. सोनोग्राफीची चिठ्ठी नाही, 'महिन्याने दाखवा' नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईला नव्याने आलेली गाठ एक पाळी होऊन गेल्यावरही तशीच राहिली, तर ती नुसती हाताने पाहून सोडायची नसते. हाताची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनाचा क्ष-किरण फोटो) किंवा सोनोग्राफी, आणि संशय वाटला तर सुईने तुकडा काढून पाहणं (बायोप्सी), या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय 'काही नाही' म्हणता येत नाही. डॉक्टरांचा अंदाज खरा ठरण्याचीच शक्यता जास्त होती, कारण बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण अंदाजावर बाई वर्षभर निर्धास्त राहिल्या, किंवा राहिल्यासारखं केलं.

ऑक्टोबरात गावात शिबिर झालं. जगभर हा महिना स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा म्हणून पाळतात, गुलाबी फीत वगैरे. खानापूर-तासगाव भागात ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची फळछाटणी. छाटणी झाली की काड्यांना पेस्ट लावायची असते, ती ठरल्या वेळेत उरकावी लागते, आणि ते काम बायकांचं. ज्यांच्यासाठी शिबिर, त्या सकाळपासून बागेत. त्यातून आदल्या दिवशी देवळाच्या स्पीकरवरून पुकारा झाला: 'स्तनाच्या कर्करोगाची मोफत तपासणी, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये.' आता ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढताना कोण दिसलं, हे चावडीवरच्या कट्ट्याला कळल्याशिवाय राहत नाही. जी जाईल तिला काहीतरी झालंय, असंच होणार. शिबिराला आलेल्या बहुतेक जणी बचतगटाच्या पदाधिकारी आणि शाळेतल्या बाई. फोटो चांगले आले.

व्हिडिओचं काय? 'आरशासमोर उभ्या राहा, स्वतः तपासा' हा सल्ला सगळीकडे फिरतो. आपल्या अंगाची ओळख असावी, बदल जाणवला तर दाखवावा, इथपर्यंत बरोबरच आहे. पण नुसती स्वतपासणी शिकवून मृत्यू घटतात का, हे चीनमध्ये शांघायच्या कापडगिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर तपासून पाहिलं गेलं. २००२ साली निकाल आला: मृत्यूंत फरक नाही, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. या बाईंची गोष्ट त्याच अंगाने जाते. गाठ त्यांनी स्वतःच शोधली होती. शोधलेली गाठ घेऊन कुठे जायचं, ते व्हिडिओत नव्हतं.

संक्रांत

उपकेंद्रावर त्या वर्षी नवीन सीएचओ मॅडम आल्या होत्या, समुदाय आरोग्य अधिकारी. बाहेरच्या तालुक्यातल्या, त्यामुळे गावात भावकी नाही. त्यांनी आणि सिस्टरांनी संक्रांतीनंतर उपकेंद्रात हळदीकुंकू ठेवलं. वाण म्हणून स्टीलची छोटी डबी. बोलावणं फक्त 'हळदीकुंकवाला या, बीपी-शुगरही बघू' एवढंच. कर्करोगाचं नावही नाही. वेळ दुपारची, जेवणं उरकल्यापासून धारेची वेळ होईपर्यंत. त्या मधल्या दोन-तीन तासांतच बाईमाणसाला सवड असते.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे खोलीची व्यवस्था. बाहेरच्या खोलीत हळदीकुंकू, गप्पा, तिळगूळ. आतल्या खोलीत बीपी. आणि आत सगळ्यांनीच जायचं, एकेकटीने. कुणाला वेगळं काढलेलं नाही, त्यामुळे आत गेली म्हणून कुणाचं काही ठरत नाही. आतल्या खोलीच्या खिडकीला काच होती पण पडदा नव्हता. सिस्टरांनी घरून जुनी सुती साडी आणून दोरीवर टाकली. दाराची कडी सैल होती, ती सुताराकडून बसवून घेतली. एवढाच खर्च.

बीपी झाल्यावर मॅडम विचारायच्या, "छाती तपासून देऊ का? सगळ्यांचीच बघतेय." नको म्हणणाऱ्या होत्याच. त्यांना आग्रह नाही. हो म्हणतील त्यांना आधी बसवून, हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून, दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, कातडी कुठे आत ओढली जाते का, संत्र्याच्या सालीसारखी झालीय का, बोंड आत गेलंय का, हे नुसतं बघायचं. मग आडवं झोपवून, तीन मधल्या बोटांच्या पेरांनी, बोटं न उचलता, छोट्या गोलात, आधी हलक्या, मग मध्यम, मग बरगडीपर्यंत पोचेल अशा दाबाने पूर्ण भाग. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा. नीट करायचं तर घाईत होत नाही. स्तनाचा वरचा, काखेकडचा चतुर्थांश भाग जास्त लक्ष देऊन बघायचा, कारण सर्वाधिक गाठी तिथेच असतात.

या बाईंच्या वेळी मात्र मॅडमचा हात लागायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ताई, हितं हाय. सुपारीएवढी. वरीस होत आलं."

दार बंद झाल्यावर, बाहेरची बाई समोर असताना, स्वतःला विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं. मला या प्रकरणातून सांगायचं आहे ते हेच. लोक 'जागृती नाही' म्हणतात. या बाईंना सगळं माहीत होतं, धास्तीसकट. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा भलत्याला विचारलं होतं.

पाडवा

हळदीकुंकवात सापडलेली गाठ, आणि बायोप्सीचा अहवाल हातात आला तेव्हा गुढीपाडवा उलटून गेला होता. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी जी उद्दिष्टं घातली आहेत, त्यात बाई पहिल्यांदा आरोग्यसेवेकडे आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान व्हावं, असं एक आहे. (दुसरी दोन म्हणजे, किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, आणि ८० टक्क्यांचे उपचार पूर्ण व्हावेत.) आपल्या प्रकरणात ते साठ दिवस ओलांडले गेले. तालुक्याच्या डॉक्टरांकडची भेट धरली तर कितीतरी जास्त.

वेळ गेला कुठे? उपकेंद्रातून चिठ्ठी प्राथमिक आरोग्य केंद्राची, तिथून ग्रामीण रुग्णालयाची. प्रत्येक ठिकाणी एक दिवस आणि एक हेलपाटा. मॅडमच्या चिठ्ठीवर 'संशयित गाठ' स्पष्ट लिहिलेलं असूनही पुढे कुणीतरी ती नुसती 'तपासणीसाठी' अशी पुढे ढकलली, त्यामुळे सोनोग्राफीच्या रांगेत तिला घाईचा शिक्का राहिला नाही. मग माल निघायची वेळ आली. द्राक्षाचा माल तयार झाला की व्यापारी थांबत नाही, घरातली दोन हातांची बाई त्या दिवसांत सांगली-मिरजेला धाडायची म्हणजे घराच्या जिवावर येतं. यजमान केरळात. 'मी आलो की जाऊ' हे वाक्य फोनवर किती वेळा झालं, ते त्यांनाच ठाऊक. त्यात कुणीतरी सासूबाईंच्या डोक्यात भरवलं की सुई टोचली की गाठ पसरते. हा समज सांगलीतही आहे आणि पुण्यातही आहे. सुईने तुकडा काढल्याने रोग फैलावत नाही. तुकडा न काढता थेट गाठ कापून घेतली तर पुढच्या उपचाराचा घोळ होतो, तो धोका खरा.

या सगळ्यात आशाताई पुन्हा आल्या, आणि या वेळी त्यांचं गावचं असणं कामी आलं. मॅडमनी सापडलेली गाठ त्यांच्या कानावर घातली ती बाईंना विचारूनच. आशाताई सासूबाईंशी बोलल्या, दिराशी बोलल्या, आणि एका सकाळी बाईंना सोबत घेऊन विट्याहून तासगावमार्गे सांगलीच्या एसटीत बसल्या. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघींचं जाणं एका तिकिटात बसलं. ही गोष्ट किरकोळ वाटेल. घरातून पैसे मागावे न लागता बाहेर पडता येणं किरकोळ नसतं.

पुढे मिरजेला. मिरज हे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली सुरू झालेल्या मिशन हॉस्पिटलपासून आजच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, सांगली-कोल्हापूरच नव्हे तर उत्तर कर्नाटकातले रुग्णही तिथे येतात. उपचार जवळ आहेत, ही या जिल्ह्याची जमेची बाजू. शस्त्रक्रिया, केमो आणि शेक (रेडिएशन) हे सगळं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवता आलं. मात्र योजनेचं दार निदान झाल्यावर उघडतं. निदानापर्यंतची मॅमोग्राफी, सोनोग्राफी, काही चाचण्या, जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेला रोज, हे घरातून गेलं. या घराला ते झेपलं. शेजारच्या वस्तीवरच्या मजूर बाईला झेपलं असतं का, याचं उत्तर मला माहीत आहे.

मशीन देणगी देतो

गावात बातमी पसरल्यावर बाहेर धंदा करणाऱ्या एका गाववाल्याने, अगदी मनापासून, मॅमोग्राफीचं मशीन देणगी द्यायची तयारी दाखवली. गलाईवाल्यांनी गावोगावी देवळं आणि शाळा उभ्या केल्यात, त्यामुळे हे नुसतं बोलणं नव्हतं.

त्यावर झालेल्या बैठकीत मी विरोधी बाजूने बोललो. मॅमोग्राफी उपयोगी आहे, विशेषतः पन्नाशीपुढे. पण ते क्ष-किरणाचं उपकरण आहे. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, चालवायला तंत्रज्ञ लागतो, फिल्म वाचायला रेडिओलॉजिस्ट लागतो. तरुण बायकांच्या स्तनांची घडण दाट असते, तिथे मॅमोग्राफीला कमी दिसतं. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या गावात मशीन दिलं तर दोन वर्षांनी त्यावर झाकण असतं आणि झाकणावर धूळ.

शिवाय हाताची तपासणी म्हणजे मशीन नाही म्हणून केलेली तडजोड, असंही नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर हेच तपासलं. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेल्या बायका. २०२१ मध्ये निकाल छापून आला. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे, नाहीतर आपणही व्हिडिओवाल्यांसारखेच. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी पाच वर्षांतून एकदा धरली आहे. कागदावर ती प्रत्येक उपकेंद्राच्या आवाक्यात आहे.

देणगीदाराने ऐकून घेतलं. शेवटी पैसे ठेवले ते संशयित बायकांच्या सोनोग्राफी-मॅमोग्राफीसाठी आणि गाडीभाड्यासाठी. मशीनवर नाव कोरता येतं, गाडीभाड्यावर येत नाही, म्हणून त्यांचं कौतुक जास्त.

माहेरचं कुणी विचारलं नाही

मिरजेला निवासी डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला. यजमान तोवर आले होते. त्यांनीच उत्तर दिलं, "नाही, आमच्या घरात कुणालाच नाही." आजोबा-पणजोबांपर्यंत सांगून झालं. सगळं त्यांच्याकडचं. बाईंच्या रक्ताशी त्याचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनीच हसून लक्षात आणून दिलं आणि बाईंकडे वळले.

बाईंचं माहेर साताऱ्यात, माण तालुक्यात. आई ठणठणीत. मावश्या ठीक. मग थांबून म्हणाल्या, "आमच्या आत्याच्या छातीला जखम झालती. चाळिशीतच गेली. अन्‌ दुसऱ्या आत्याच्या पोरीचं पुण्याला ऑपरेशन झालं, तेव्हा ती छत्तिशीची होती."

हे सगळं फॉर्ममध्ये कुठे बसलं असतं? कुटुंबाचा प्रश्न रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा आहे, तोही आईवडील आणि भावंडांपुरता. आत्या त्यात येतच नाही. आणि लोकांचाही समज असा की हा बायकांचा आजार, म्हणजे आईकडूनच येणार. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी. वडिलांना स्वतःला बहुधा काही होत नाही म्हणून तो दिसत नाही, त्यांच्या बहिणींत दिसतो. म्हणून आत्याचं विचारायचं.

प्रमाण लक्षात ठेवायला हवं. स्तनाच्या कर्करोगापैकी ५ ते १० टक्केच असे आनुवंशिक असतात. बाकी बहुतेक जणींच्या घराण्यात कुणालाच नसतो, त्यामुळे 'आमच्यात नाही' म्हणून निर्धास्त राहणंही चूकच. वाढतं वय, पाळी लवकर सुरू होणं आणि उशिरा जाणं, पहिलं मूल उशिरा किंवा मूलच नसणं, अंगावर न पाजणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, या सगळ्यांचा वाटा असतो. पण ज्या घरात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांत, किंवा जोडीला अंडाशयाचा, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा, असं दिसतं, तिथे जनुकीय समुपदेशनाला पाठवायचं असतं. कारण तिथल्या मुलींची तपासणी चाळिशीची वाट न बघता सुरू करावी लागते.

मिरजेच्या डॉक्टरांनी तसं सुचवलं. इथे घराने पाय मागे घेतला. मुलगी वीस वर्षांची, स्थळं बघायची वेळ. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला दाखला जोडायचा का आता रोगाचा?" यावर झटकन उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. भीती खोटी नाही. बाईंनी स्वतः मध्यममार्ग काढला: आधी स्वतःची जनुकीय तपासणी करू, दोष निघाला तर पुढचं पोरीला विचारून. आणि माणमधल्या भावाला त्यांनी स्वतः फोन करून त्याच्या दोन मुलींचं सांगितलं. भाऊ काही बोलला नाही. वहिनीने मात्र दुसऱ्या दिवशी परत फोन करून सगळं नीट विचारून घेतलं.

उपकेंद्रात आता काय चालतं

सी-बॅक ओट्यावरच भरला जातो, पण लक्षणांचा भाग आशाताई तिथे विचारत नाहीत. तो आतल्या खोलीत, बाई आली की तिच्याच तोंडून. आशाताईंच्या डायरीत पेनाने आखलेला एक रकाना वाढलाय, 'माहेर'. त्यात आई, मावशी, आत्या, आज्या, आणि कुठलं गाव. कुठल्याही ॲपमध्ये तो जात नाही, पण चाळताना दिसतो. संशयित निघालेल्या बाईच्या चिठ्ठीवर पुढच्या भेटीची तारीख आणि सोबत कोण जाणार, हे दोन्ही लिहिल्याशिवाय ती उठत नाही. ऑक्टोबरात काही ठेवत नाहीत. जे काही करायचं ते एप्रिलच्या खरडछाटणीचं काम उरकल्यावर, किंवा संक्रांतीला.

काही ठिकाणी अडलंय. पहिली अडचण पन्नाशी-साठीच्या बायका. टाटाच्या अभ्यासात फायदा ठळक दिसला तो याच वयात, आणि उपकेंद्रात न येणाऱ्याही याच. तिशी-पस्तिशीच्या सुना येतात, त्यांच्यात साध्या गाठी निघतात, सोनोग्राफीला जातात, घाबरून परत येतात. 'आता ह्या वयात मला काय व्हायचंय' म्हणणारी सासू घरी. हळदीकुंकवाला त्यांच्यातल्या विधवा येत नाहीत, किंवा आल्या तरी बाहेरच्या बाहेर जातात, हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. त्यांच्यासाठी आता हरिपाठाच्या दिवशी गुडघ्यांची आणि साखरेची तपासणी ठेवायची, असं चाललंय.

दुसरी अडचण गलाईवाल्या घरांच्या बायकांची. गावच्या यादीत त्यांची नावं आहेत, राहतात परमुलखात. तिथल्या आरोग्य केंद्राच्या लेखी त्या नाहीत, भाषाही परकी, आणि इथे फॉर्मवर 'स्थलांतरित' म्हणून रेघ मारली की विषय संपतो. त्या येतात दिवाळीला, भाऊबीज झाली की माहेरी, तिथून थेट परत. उपकेंद्रात त्या चार दिवसांत तपासणी बसवता येईल, मॅडम सुट्टी न घेता थांबायला तयार आहेत. पण गाठ लागली आणि सोनोग्राफीची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची मिळाली, तर ती बाई तोवर कोइमतूरला पोचलेली असेल. म्हणून दिवाळीच्या आठवड्यात रोज दोन जागा राखून ठेवाव्यात, असं पत्र वरच्या रुग्णालयाला दिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. देणगीच्या पैशातून खासगी केंद्राशी बोलणं चालू आहे.